कारणाचा रकाना

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले. ते समोर उभे राहिले की माणूस अजूनही आपोआप खिसे चाचपू लागतो. "वहिनी, तुमचा लेख राहिलाय," असं ते गेली चार वर्षं म्हणत होते. यंदा त्यांनी दोन अटीही घातल्या. एक, सोपं लिहा, कारण जयपुरातली आपली मुलं मराठी वाचतात ती हिंदीच्या आधारानं. दोन, शेवटी काहीतरी शिकवण असू द्या. पहिली अट पाळते. दुसरीचं माझ्याच्यानं होणार नाही.

मी अठरा वर्षं कागद तोलले. एका ओळीत सांगायचं तर माझी नोकरी एवढीच.

अकोल्याला बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री घेऊन. मग लग्न झालं आणि यांच्या बदलीबरोबर जयपूरला आले. हे सिग्नल खात्यात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आज जिथे मानसरोवरची वसाहत पसरलीय तिथे तेव्हा विटा आणि चुन्याच्या रेघा होत्या. रेल्वे क्वार्टरमधल्या शेजारणीनं सांगितलं की शहराबाहेर सांगानेरला हातकागदाच्या कारखान्यात सायन्स शिकलेला माणूस हवाय. त्यांना माणूसच हवा होता. पण मी गेले त्या दिवशी दुसरं कोणी आलं नव्हतं.

सेठजींनी प्रयोगशाळेची पाटी आधी रंगवून घेतली होती, प्रयोगशाळा नंतर झाली. दिल्लीचा एक व्यापारी त्यांच्याकडून कागद घेऊन त्याची शुभेच्छापत्रं परदेशी पाठवायचा. त्यानं विचारलं, तुमच्याकडे लॅब आहे का, आणि सेठजी गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणत नसत. पाटीच्या आत एक टेबल, एक खुर्ची, एक काटा आणि एक रजिस्टर होतं. कारखान्यात बाया पुष्कळ होत्या, पण सगळ्या जमिनीवर बसून काम करायच्या. खुर्चीवर बसणारी मी पहिली. ती खुर्ची मला फार प्रिय होती, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिचा संबंध येतो.

हातकागद झाडापासून होत नाही, चिंध्यांपासून होतो. आमच्याकडे बनियनच्या कारखान्यांतून सुती कातरण पोत्यांनी यायची. बाया ती निवडायच्या, बारीक करायच्या, मग यंत्रात पाण्याबरोबर सात-आठ तास कुटली की तिचा ताकासारखा लगदा व्हायचा. तो हौदात सोडायचा. हौदाशी उस्ताद उभा. त्याच्या हातात लाकडी चौकट आणि तिच्यावर गवताच्या काड्यांची, घोड्याच्या केसांनी शिवलेली चटई. तिला छपरी म्हणतात. छपरी हौदात बुडवायची, सपाट वर काढायची, एकदा पुढे-मागे, एकदा डावी-उजवी हलवायची. पाणी खाली गळतं, तंतूंचा थर वर राहतो. तो फडक्यावर उलटा करायचा, थप्पी दाबायची, वाळवायची. झाला कागद. तुम्हाला हे वाचायला जेवढा वेळ लागला, त्याच्या आत उस्ताद दोन कागद उचलायचा.

आता अडचण अशी की यात प्रत्येक पायरीला काहीतरी बदलतं. कातरण बदलते, पाणी बदलतं, कागद उचलावा तसा हौदातला लगदा पातळ होत जातो आणि मग उस्तादाला आपला हात बदलावा लागतो. म्हणून दोन हातकागद कधी सारखे नसतात. एकाच बाईनं एकाच परातीतल्या पिठाच्या केलेल्या भाकरी तोलून पाहा, सारख्या भरणार नाहीत. पण म्हणून कोणी तिच्या शेजारी बसून दर भाकरीला सूचना देत नाही. दिली तर पुढची भाकरी कशी होईल ते सांगायला नको. कारखान्यात मात्र मला त्या सूचना देण्याचा पगार मिळत होता.

दिल्लीवाल्याला दर चौरस मीटरला दोनशे ग्रॅमचा कागद लागे. पाच टक्के इकडे, पाच टक्के तिकडे त्याला चालायचं. म्हणजे एकशे नव्वद ते दोनशे दहा. आत असेल तर निळी शाई, बाहेर गेलं तर लाल. रजिस्टराच्या शेवटी 'कारण' असा एक रकाना होता. तो मीच आखला होता. नुसती नोंद कामाची नाही, कारण लिहावं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं.

कारण बहुतेक वेळा सापडायचं. एकदा कागदात काळपट ठिपके आले. शोधलं तर कातरणीत चड्ड्यांचं इलॅस्टिक निघालं. रबर काही कुटलं जात नाही. तो कागद एका लग्नपत्रिकावाल्यानं नेला होता आणि एक ठिपका नेमका नवरदेवाच्या नावावर आला. मुलाकडचे भांडायला आले. पुढच्या वेळी आम्ही जीव तोडून त्या पत्रिकावाल्यासाठी स्वच्छ, एकसारखा कागद केला. त्यानं तो उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "ये तो मशीन का लग रहा है. हाथ का दो." सेठजींनी आतून ठिपक्यांचा उरलेला गठ्ठा आणला. तो खूश होऊन घेऊन गेला. त्या दिवशी कारणाचा रकाना मी कोरा ठेवला.

आमच्याकडे दोन हौद होते. पूर्वेच्या हौदावर गफूर, पश्चिमेच्या मोठ्या हौदावर उस्ताद रमजान. दिल्लीचा माल दोन्हींवर निघे. पूर्वेच्या अंगणात सकाळचं ऊन आधी येई, म्हणून गफूरचा कागद लवकर वाळे आणि त्याचे नमुने दहाच्या आत माझ्याकडे पोचत आणि लगेच तोलले जात. उस्तादांचे नमुने दुपारी दोनला. मी ते खोलीतल्या दोरीला चिमट्यांनी लावून ठेवी आणि सवडीनं तोली.

उस्ताद साठीच्या पुढचे होते. तुमच्या घरात किती पिढ्या हे काम आहे, असं विचारलं तर म्हणत, "गिनती तो आप रखती हैं." छपरी त्यांनी स्वतः शिवलेली होती, तिला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. नमुनेही स्वतःच आणून देत. देण्याआधी एक कागद कोपऱ्याला धरून कानाशी हलवत. पहिल्या दिवशी मी विचारलं, हे काय?

"सुन रहा हूँ," म्हणाले.

मी काटा पुढे ओढला. कागद ऐकणं आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

ही गोष्ट घडली त्या वर्षी मला दिवस गेले होते. एप्रिल संपत आला आणि माझ्या खोलीवरचा पत्रा असा तापला की दुपारी टेबलाला हात लावताना विचार करावा लागे. सेठाणीबाई एकदा कारखान्यात आल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरचा कूलर माझ्या खिडकीला बसला. पत्र्याचं मोठं खोकं, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, तळाशी पाणी, आत पंखा. ओल्या ताट्यांतून हवा ओढायची आणि खोलीत सोडायची, एवढंच त्याचं काम. सेठजींनी वेळ बांधून दिली, अकरा ते चार. मला इतकं बरं वाटलं की पहिल्या दुपारी मी खुर्चीतच झोपले.

आठवड्याच्या आत उस्तादांचे कागद जड यायला लागले. दोनशे बारा, दोनशे तेरा. गफूरचे एकशे नव्याण्णव, दोनशे एक. मी उस्तादांना बोलावलं.

"उस्तादजी, हाथ भारी पड़ रहा है."

त्यांनी कूलरकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "जी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हलका उचलला आणि आकडा दोनशेवर आला. मला वाटलं, चला, मिटलं. तिसऱ्या दिवशी एकशे अठ्ठ्याऐंशी. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती, पण वीज जाणं ही तेव्हा नोंद करण्यासारखी गोष्ट नव्हती. मी म्हटलं, उस्तादजी, अब हल्का हो गया. ते म्हणाले, "जी," आणि जड उचलला. दुसऱ्या दिवशी वीज आली आणि काटा दोनशे चौदावर गेला. असं तीन आठवडे चाललं. मी बोलायचं, त्यांनी हात बदलायचा, आणि रजिस्टराचं पान लाल होत जायचं. कारणाच्या रकान्यात मी लिहीत गेले, 'हात अस्थिर'. सेठजी रोज संध्याकाळी न वाचता सही करत.

मग दिल्लीहून गठ्ठे परत आले. चिठ्ठीत लिहिलं होतं की एका पेटीत पुठ्ठा निघतो आणि दुसऱ्या पेटीत पापड. ते अगदी खरं होतं. सेठजी चिठ्ठी घेऊन माझ्या खोलीत आले. ते कधी आवाज चढवत नसत.

"मैडम, किसका माल है?"

मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं आणि बोट ठेवलं. आपण कोणाचं नाव घेतलं नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत असे. नाव घेतलं नव्हतं, हे खरं आहे. बोट ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून उस्ताद छटाईला बसले. छटाई म्हणजे व्हरांड्यात बायांच्या ओळीत बसून एकेक कागद उजेडाकडे धरायचा आणि चांगला-वाईट वेगळा करायचा. उभा जन्म हौदाशी उभा राहिलेला माणूस खाली बसला. पश्चिमेच्या हौदावर गफूरला आणलं, पूर्वेला नवा उस्ताद ठेवला. उस्ताद रमजान कोणाला काही बोलले नाहीत. छपरी हौदाजवळच्या खिळ्याला टांगली आणि छटाईला लागले. फक्त रोज संध्याकाळी घरी जाताना ते हौदाशी जात, छपरी काढून पाण्यात बुडवत, घोड्याच्या केसांची शिवण बोटांनी चाचपत आणि पुन्हा टांगत. छपरी कोरडी पडली की काड्या तडकतात. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे, सुटेल हळूहळू.

घरी यांना सांगितलं. यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "आमच्याकडं सिग्नल चुकला तं आमी पह्यले तार पाह्यतो, मंग मानूस. तू पह्यले मानूसच पाह्यला काय वं?"

मी म्हटलं, कागदाला तारा नसतात. आणि भांडी जरा जोरात घासली.

आठवडा झाला नाही तोच पश्चिमेच्या हौदावर गफूरचे कागद जड आले. दोनशे बारा. तोच गफूर, ज्याच्या नावापुढे मी कधी लाल शाई वापरली नव्हती. मी त्यालाही सांगितलं आणि त्यानंही हात बदलला. मग वीज गेली त्या दिवशी हलका. पूर्वेच्या नव्या उस्तादाचे आकडे मात्र स्वच्छ निळे. सेठजींनी पश्चिमेच्या हौदावर लिंबू-मिरची बांधली. गफूर माझ्या खोलीत यायला कचरू लागला. कारणाच्या रकान्यात मी पेन टेकवायची आणि उचलायची.

जून अर्धा झाला होता, मला आठवा महिना लागला होता. एका दुपारी मी गफूरचा कागद काट्याला लावला. आमचा काटा साधा होता: हुकात कागद अडकवायचा, की सुई कमानीवर वजन दाखवते. सुईनं दोनशे बारा दाखवलं आणि वीज गेली. कूलर घरघरत थांबला. मला उठून कागद काढण्याचाही कंटाळा आला. मी रजिस्टराच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसून राहिले. थोड्या वेळानं पाहिलं तर सुई दोनशे दहावर. मला वाटलं, आपल्याला भोवळ येतेय. खिडकीतून कोरडी, भाजणारी हवा येत होती. दोनशे सात. दोनशे चार. पाऊण तासानं सुई दोनशेच्या जरा खाली येऊन थांबली. कागदाला कोणी हातही लावला नव्हता.

कागद हवेतलं पाणी पितो. कोरड्या हवेत कमी, ओल्या हवेत जास्त. हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं आणि पाचपैकी पाच मिळवले होते. पूर्वेचे नमुने दहाला तोलले जायचे, कूलर अकराला सुरू व्हायचा. पश्चिमेचे नमुने दोनला यायचे आणि मी ते दोरीला लावायची, कूलरच्या बरोबर समोर. उस्तादांचा हात जसा होता तसाच होता. त्यांच्या कागदाला मी पाणी पाजत होते आणि जड झाला म्हणून त्यांना बोलत होते. आणि माझं ऐकून त्यांनी हात हलका केला, तेव्हा कागद खरोखरच बिघडला. दिल्लीवाल्याचे पुठ्ठे आणि पापड माझ्या टेबलावर तयार झाले होते.

हे कळल्याबरोबर मी उठून सेठजींकडे गेले असेन असं तुम्हाला वाटेल. मी दोन दिवस गप्प बसले. खुर्ची जाईल, बाळंतपणानंतर परत कोणी बोलावणार नाही, लोक म्हणतील बाईला ठेवलं की असंच होतं. कूलर बंद ठेवला, घामानं निथळत बसले आणि त्यालाच प्रायश्चित्त समजले. व्हरांड्यात उस्ताद एकेक कागद उजेडाकडे धरत होते. त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी व्हरांड्यात त्यांच्याजवळ गेले. त्या अवस्थेत जमिनीवर बसणं सोपं नव्हतं, पण उभं राहून सांगणं बरोबर वाटेना. बसले.

"उस्तादजी, ग़लती आपके हाथ की नहीं थी."

"जी."

"कूलर की थी. मतलब, मेरी थी."

"जी. मालूम है."

मी विचारलं, "कब से?"

"जिस दिन लगा, उसी दिन से. बाहर काग़ज़ खड़खड़ बोलता था. आपके कमरे में जाते ही उसकी आवाज़ बैठ जाती थी."

"तो बोले क्यों नहीं? आपका हौद चला गया!"

त्यांनी हातातला कागद चांगल्याच्या थप्पीवर ठेवला. "बोलता तो सेठजी कूलर उठवा लेते. और आप इस हालत में, इस टीन के नीचे..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. "दो-तीन महीने की बात थी. छपरी तो मैं भिगो ही रहा था."

मला रडू आलं, चांगलं हमसून आलं. छटाईच्या बाया धावल्या. दिवस भरत आले की असं होतं, असं त्यांनी आपसात ठरवलं आणि मला पाणी दिलं.

डोळे पुसल्यावर मला एक गोष्ट सुचली. म्हटलं, उस्तादजी, कूलर कशाला काढायचा? काटा इथे व्हरांड्यात आणू. कागद बाहेर तोलू, कूलर आत राहील.

उस्तादांनी खिडकीतल्या कूलरकडे पाहिलं. "ये तो मेरे दिमाग़ में आया ही नहीं," ते म्हणाले.

माझ्याही आलं नव्हतं. आणि माझी तर केमिस्ट्री होती.

मी सेठजींकडे निघाले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "मैडमजी, कूलर का नाम मत लेना. माल वापस आया है, ग़ुस्से में उठवा लेंगे." म्हणून मी सेठजींना एवढंच सांगितलं की काट्याची जागा चुकीची होती, त्यामुळे आकडे चुकले, चूक माझी आहे, उस्तादांची नाही.

"तो जगह बदल लो," सेठजी म्हणाले.

"और उस्तादजी?"

"उनकी भी बदल लो."

एवढ्यावर प्रकरण संपलं. ज्या खुर्चीसाठी मी दोन दिवस गप्प बसले, तिचा कोणी उल्लेखही केला नाही. त्याच दुपारी उस्तादांनी छपरी खिळ्यावरून काढली. महिनाभर टांगलेली असून एकही काडी तडकलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात पहिला कागद तोलला तो एकशे शहाण्णव भरला. दुसरा दोनशे चार. दोन्ही हद्दीच्या आत. मी निळ्या शाईनं लिहिलं आणि त्यांना काही बोलले नाही. पुढे इतकी वर्षं नोकरी केली, पण हे न बोलणं शिकायला मला जेवढे कष्ट पडले तेवढे दुसऱ्या कशालाही पडले नाहीत.

रजिस्टरात खोडाखोड चालत नसे. म्हणून त्या तीन आठवड्यांच्या खाली मी नवी ओळ लिहिली: 'उस्ताद रमजान यांचा हात स्थिर होता. वरील सर्व दोष तोलणारीचा.' सेठजींनी न वाचता सही केली. उस्तादांना देवनागरी येत नव्हती, त्यांना मी ती ओळ हिंदीत वाचून दाखवली. त्यांनी मान हलवून ऐकली आणि विचारलं, "कूलर तो नहीं लिखा न?"

"नहीं लिखा."

"अच्छा किया."

मुलगी ऑगस्टात झाली. उस्ताद त्यानंतर नऊ वर्षं हौदाशी होते. आता ते नाहीत, सेठजीही नाहीत, आणि माझ्या खोलीच्या जागी गोदाम आहे. कारखाना विकला गेला तेव्हा जुनी रजिस्टरं लगद्यात जाणार होती. त्यातलं एक मी मागून घेतलं. परवा या लेखासाठी ते काढलं आणि त्या ओळीपुढे, कारणाच्या रकान्यात, राहिलेला शब्द लिहून टाकला. कूलर. आता तो उचलून न्यायला कोणी नाही.